सोलापूर–मोहोळ रोजच्या प्रवासासाठी जुनी डिझेल गाडी घ्यावी का?

प्रश्न: सोलापूरच्या सात रस्ता चौकातून मोहोळला नोकरीसाठी रोज जातो, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास होतात. चांगले ॲव्हरेज देणारी जुनी डिझेल गाडी परवडेल का?

प्रतिसाद १: मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या असल्या, तरी त्याआधीची १.३ लिटर इंजिनाची डिझायर जरूर पाहावी. इंजिन थंड असतानाच सुरू करून निळसर धूर (इंजिन ऑइल जळत असल्याची खूण) येतो का, हे स्वतः तपासावे. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर सरळ परत फिरावे.

प्रतिसाद २: बीएस-६ (एप्रिल २०२० पासूनचे प्रदूषण नियम) डिझेल गाडीत धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली काजळी जळून जाण्यासाठी महामार्गावरची सलग धाव लागते, जी तुम्हाला पुणे रस्त्यावर आपसूक मिळेल, नवी पेठ ते जुळे सोलापूर एवढेच फिरणाऱ्या माझ्यासारख्याने मात्र पेट्रोलच घ्यावे.