मदत हवी आहे: लाईटबार मधोमध, तरी शेताच्या कडेला फवारणीचे पट्टे पुढेमागे

फवारणीच्या विमानातल्या जीपीएस गायडन्सवर कुणी काम केलंय का इथे? मी मेन्टेनन्सवाला, उडवत नाही. लाईटबार (रेषेपासून किती डावी-उजवीकडे सरकलो ते पायलटला दाखवणारी दिव्यांची पट्टी) नाकावर काचेबाहेर बसवलाय, ए-बी लाईन (पहिल्या पट्ट्याची दोन टोकं नोंदवून आखलेली सरळ रेषा) टाकली की दिवे मधोमध राहतात, दोन पट्ट्यांमधलं अंतरही नीट येतं, त्यामुळे पायलटची तक्रार शून्य. घोळ टोकांना आहे. लॉग लॅपटॉपवर उघडला की शेताची कड करवतीच्या दातांसारखी दिसते, एक पट्टा हद्दीबाहेर गेलेला, शेजारचा आतच अडकलेला, पुढचा परत बाहेर. फवारणीचा व्हॉल्व्ह ही जीपीएस सिस्टीम स्वतःच उघडबंद करते. काहीजण म्हणतात अँटेना बदला, पण ती काय स्वस्त नाही म्हणून आधी विचारतोय, करेक्शन सिग्नल (जीपीएसची चूक सुधारणारा) मधेच जातोय की दुसरंच काही?

प्रतिसाद:
अँटेनाला हात लावू नका एवढ्यात. करेक्शनची किंवा हद्दीच्या फाईलमधल्या डेटमची (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात त्याची) गडबड असती तर सगळे पट्टे एकाच बाजूला सरकले असते. तुमचे एकाआड एक सरकलेत, म्हणजे हा उशिराचा खेळ आहे: प्रत्येक पट्टा शेतात शिरताना उशिरा चालू होतो आणि बाहेर पडताना उशिरा बंद. पायलट शेजारचे पट्टे उलटसुलट मारत असणार, रेसट्रॅक (लांबट फेरी घेत एका बाजूचे सगळे पट्टे जाताना, दुसऱ्या बाजूचे येताना) असता तर दात न दिसता अर्धं शेत पुढे नि अर्धं मागे दिसलं असतं. ताशी २२५ किमी म्हणजे सेकंदाला ६२ मीटर, नुसता अर्धा सेकंद गेला तरी ३१ मीटर गेले की हो! एक सांगा, लॉगमधलं ऑन-ऑफ सिस्टीमने दिलेल्या कमांडचं आहे की बूमवरच्या (नोझल बसवलेल्या फवारणीच्या नळीवरच्या) प्रेशर स्विचचं?

धागाकर्ता:
प्रेशर स्विचचं. आत्ता सेटिंग बघितलं, ऑन आणि ऑफ दोन्हीचा लीड टाइम (हद्द यायच्या किती आधी कमांड द्यायची तो वेळ) शून्यावर आहे. दोन्हीकडे एकच आकडा टाकू का?

प्रतिसाद:
नको, वेगवेगळे लागतील. चालू होताना बूममध्ये प्रेशर चढायला जो वेळ लागतो तो बंद होताना लागेलच असं नाही. अँटेना ते बूम अंतरही टेपने मोजून भरा, ते लीड टाइममध्ये ढकलू नका, नाहीतर वेग बदलला की परत चुकेल. मग टाकीत साधं पाणी, वारा पडलेला असताना दोन्ही दिशांनी एकेक पट्टा, आणि हद्दीच्या रेषेवर वॉटर सेन्सिटिव्ह कार्ड ओळीने मांडा, पिवळ्या कार्डावर निळे ठिपके कुठून सुरू होतात ते बघून आकडे हलवा. थेंब खाली यायलाही वेळ लागतो, तो लॉगमध्ये कधीच दिसणार नाही.