गेम सुरू होताच प्रोसेसर ९८ अंशांवर : नवा कुलर घेण्याची गरज आहे का?

निशाचर :

नमस्कार मंडळी,

माझ्या डेस्कटॉपवर कोणताही मोठा गेम सुरू केला की काही सेकंदांतच प्रोसेसरचे तापमान ९५ ते ९८ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. गेम बंद पडत नाही, मात्र चित्र मधूनच अडखळते आणि नेमक्या त्याच वेळी क्लॉक स्पीड (प्रोसेसरच्या कामाचा वेग) ५.२ गिगाहर्ट्‌झवरून चारच्याही खाली उतरलेला दिसतो. गेममधून बाहेर पडताच तापमान तितक्याच झपाट्याने साठच्या खाली येते. प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॉट आणि कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. त्यावर दोन पंख्यांचा मोठा टॉवर कुलर (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा उभा ठोकळा) बसवलेला असून कॅबिनेटला पुढे दोन आणि मागे एक असे पंखे आहेत. धूळ नुकतीच साफ केली आहे आणि ग्राफिक्स कार्ड सत्तर अंशांच्या आसपास राहते.

हे तापमान प्रोसेसरला घातक आहे का? आणि लिक्विड कुलर (द्रवाने थंड करणारा) बसवल्याने हा प्रश्न सुटेल का?

तापमापी :

घातक म्हणावे असे नाही, परंतु दुर्लक्ष करावे असेही नाही. इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश आहे; एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बऱ्याच प्रोसेसरांची ती ९५ अंश असून पूर्ण भाराखाली तिथपर्यंत जाणे त्यांच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःचा वेग आणि व्होल्टेज कमी करतो. आपल्याला जाणवणारे अडखळणे हे बहुधा त्याचेच दृश्य रूप आहे. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक आपोआप बंद होतो. त्यामुळे जळण्याची भीती बाळगू नका, मात्र ज्या कामगिरीसाठी हा प्रोसेसर घेतला ती पूर्णपणे मिळत नाही, एवढे खरे.

लिक्विड कुलरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तापमानाचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. ते कसे चढते यावरून दोष कुठे आहे हे कळते. कॅबिनेटमध्ये हवा कोंडत असेल, तर तापमान हळूहळू, पंधरा-वीस मिनिटे घेऊन वर सरकते, कारण आधी आतली हवा तापावी लागते. कुलर लहान पडत असेल, तर धातूचा तो मोठा तुकडा तापायला काही मिनिटे जातात. याउलट, भार येताच दोन-तीन सेकंदांत तापमान नव्वदीपार गेले आणि भार जाताच तितक्याच वेगाने कोसळले, तर उष्णता कुलरपर्यंत पोहोचतच नाही, अशी शंका घ्यावी लागते. तुमचे वर्णन या तिसऱ्या प्रकारात बसते.

खात्री करण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वीजवापर दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवून गेम खेळा आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’, म्हणजे प्रोसेसर खेचत असलेली एकूण वीज, किती वॉट दाखवते ते टिपून घ्या. त्यानंतर कॅबिनेटची बाजूची पट्टी (झाकण) काढून तोच प्रसंग पुन्हा खेळा. खोलीचे तापमानही कळवा, कारण खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश प्रोसेसरच्या तापमानात वाढतात. हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले आकडे शेजारी ठेवून लोक उगाच वाद घालतात.

जुनी_बैठक :

एवढ्या मोजमापाची गरज आहे, असे मला वाटत नाही. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कुलर यांच्या मध्ये लावलेला उष्णतावाहक लेप) काही वर्षांत वाळते किंवा तापण्या-निवण्याच्या चक्रांमुळे कडेला सरकते. ती बदलावी आणि मोकळे व्हावे. याखेरीज फ्रेमची, म्हणजे गेमने सेकंदाला किती चित्रे काढायची याची, मर्यादा घालण्याचा उपाय लोक विसरतात. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा, असताना गेम सेकंदाला अडीचशे फ्रेम काढत असेल, तर वरच्या शंभराहून अधिक फ्रेमची तयारी प्रोसेसर व्यर्थच करत असतो. काही गेम तर नुसत्या मेनूच्या पडद्यावर शेकडो फ्रेम काढत बसतात. गेमच्या सेटिंगमध्ये अथवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये १४० ची मर्यादा घातल्यास उष्णता आणि पंख्यांचा आवाज दोन्ही उतरतात.

निशाचर :

दोघांचेही आभार. फ्रेमची मर्यादा घातल्यावर तापमान सहा-सात अंशांनी उतरले आणि अडखळणेही कमी झाले, मात्र मूळ प्रश्न कायम आहे. मर्यादा काढून घेतलेली मोजणी अशी : खोली २८ अंश, खेळताना पॅकेज पॉवर ११० वॉटच्या आसपास, तापमान ९८ अंश. बाजूची पट्टी काढल्यावर जेमतेम एका अंशाचा फरक पडला. दोन्ही पंखे पूर्ण वेगाने फिरत आहेत.

तापमापी :

मग चित्र बरेच स्पष्ट झाले. ९८ मधून २८ वजा केल्यास खोलीच्या वर ७० अंशांची वाढ होते. तिला ११० ने भागल्यास प्रत्येक वॉटमागे सुमारे ०.६४ अंश येतात. दोन पंख्यांच्या मोठ्या टॉवर कुलरकडून गेमच्या भाराखाली हा आकडा अर्ध्या अंशाच्या खाली असावा, अशी माझी अपेक्षा असते. पट्टी काढूनही फरक पडत नाही, म्हणजे कॅबिनेटमधील हवेचा दोष नाही. आता एकच चाचणी उरते. तापमान नव्वदीपार असताना कुलरमागून बाहेर पडणाऱ्या हवेसमोर, पंख्याच्या पात्यांपासून दूर राहून, हात धरा. प्रोसेसर इतका तापलेला असताना ती हवा जेमतेम कोमट लागत असेल, तर दोष प्रोसेसर आणि कुलर यांच्या मधल्या थरात आहे, आणि तिथे कितीही महागडा कुलर आणला तरी तोच थर पुन्हा नीट जमवावा लागेल.

पेस्ट बदलण्याच्या जुनी_बैठक यांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त जुनी पेस्ट पुसून टाकण्यापूर्वी तिचा ठसा नीट पाहा, ही माझी विनंती. संगणक थोडा वेळ चालवून कोमट झाल्यावर बंद करा, वीज तोडा आणि कुलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. ठसा सर्वत्र सारखा आणि पातळ असेल, तर पेस्टच जुनी झाली आहे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरा असेल, तर कुलर तिरका बसलेला आहे. पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरावे. पेस्टचे काम दोन धातूंच्या पृष्ठभागांमधील सूक्ष्म खाचांतील हवा हटवण्यापुरते असते. हवेची उष्णतावाहकता प्रति मीटर-केल्विन ०.०३ वॉटहूनही कमी, चांगल्या पेस्टची काही वॉट, तर तांब्याची सुमारे ४०० वॉट असते. म्हणूनच पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी असली, तरी तिचा जाड थर हाच अडथळा ठरतो. मळसूत्रे एकामागून एक पूर्ण आवळू नका. समोरासमोरची जोडी आलटून पालटून, थोडी थोडी फिरवत न्या.

मांडीवरचा_संगणक :

थोडे विषयांतर होईल, पण लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी वरील हिशेब जसाच्या तसा लावू नये. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या उष्णतानळ्या बहुधा सामायिक असतात, त्यामुळे एकाचा भार दुसऱ्याला तापवतो आणि ९० अंश ही रोजचीच गोष्ट ठरते. विंडोजच्या वीजव्यवस्थापनात प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के केल्यास बहुतेक इंटेल लॅपटॉपांवर टर्बो (भार येताच आपोआप वाढणारा वेग) बंद होऊन तापमान बरेच उतरते. वेगही उतरतो, हे मात्र लक्षात घ्यावे. व्होल्टेज कमी करण्याचा मार्ग अधिक चांगला होता, परंतु २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षात्रुटी उघड झाल्यानंतर अनेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) तो बंद करण्यात आला.

निशाचर :

कुलर काढून पाहिला. बाहेर पडणारी हवा खरोखरच जेमतेम कोमट होती आणि ठसाही तिरका निघाला : एका कडेला पेस्टचा जाड थर आणि समोरच्या कडेला धातू जवळजवळ उघडा. संगणक ज्यांनी जोडून दिला होता, त्यांनी एका बाजूची मळसूत्रे अर्धवटच आवळलेली होती. सर्व साफ करून, नवी पेस्ट लावून, मळसूत्रे आलटून पालटून आवळली. तोच गेम, खोली २८ अंश, ११० वॉट, आणि तापमान आता ७३ अंश.

एक शंका मात्र उरली आहे. नवा गेम पहिल्यांदा सुरू करताना शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, त्या काही मिनिटांत तापमान अजूनही ९५ च्या पुढे जाते. कुलर पुन्हा काढावा का?

तापमापी :

अजिबात नको. ४५ अंश भागिले ११० म्हणजे ०.४१, आता तुमचा कुलर नीट बसला आहे. शेडर तयार करताना प्रोसेसरचे सर्व कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकाच वेळी राबतात, तर खेळताना त्यांपैकी काहींवरच खरा भार असतो. त्या मिनिटांत पॅकेज पॉवर पाहिलीत, तर ती दोनशे वॉटच्या पुढे गेलेली आढळेल.

तेही खटकत असेल, तर बायोसमध्ये जाऊन वीजमर्यादा तपासा. अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसरनिर्मात्याने ठरवलेली मर्यादा मूळ सेटिंगमध्येच उठवलेली असते. तुमच्या प्रोसेसरला २५३ वॉटची मर्यादा पुन्हा लावावी, किंवा खेळण्यापुरताच वापर असेल, तर ती खुशाल १८० वर आणावी. गेम ११० वॉटमध्ये चालत असल्याने त्याचा वेग कमी होण्याचे कारण नाही, शेडर तयार व्हायला मात्र थोडा अधिक वेळ लागेल. प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतला असेल, तर बायोस अद्ययावत करून घेणे तापमानापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण वाढीव व्होल्टेजमुळे त्या पिढ्यांतील काही डेस्कटॉप प्रोसेसर कालांतराने अस्थिर होत असल्याचे आढळल्यावर २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) सुधारणा दिल्या होत्या.

जुनी_बैठक :

आणि फ्रेमची मर्यादा काढली असेल, तर ती पुन्हा घाला. ७३ चे ६७ झाले तर पंखे ऐकूही येणार नाहीत.