पाय चालूच होईना! तुमचेही किस्से लिहा

कृष्णाकाठ:
दसऱ्याची साफसफाई चाललीय. माळ्यावर बुटाच्या खोक्यात रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा, एका बोर्डावरचा कॉम्प्युटर) सापडला, सोबत ती लांबलचक काळी केबल. केबल बघून हसू आलं, मग जरा गलबलून आलं.

२०१७ ची गोष्ट. मावशीच्या तासगावच्या द्राक्षबागेत तापमान नोंदवायला घेतला होता. विश्रामबागच्या घरी टेबलावर मांडून लावला तर लाल दिवा लुकलुकला नि गेला. हिरवा नाहीच. मेमरी कार्ड तीनदा नव्यानं लिहिलं, दुसरं आणलं. रात्री दोनला 'बोर्ड मेला' म्हणून झोपलो.

सकाळी अप्पा (मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं त्यांचं) म्हणाले, "मेला म्हणतोस, पण लाईट किती येतीय ते बघितलंस का?" चार्जर नवा आहे म्हटलं. काही बोलले नाहीत, चष्मा कपाळावर सारून मल्टिमीटर घेऊन आले. "पाच व्होल्ट कुठं?" मी दुसरी आणि सहावी पिन दाखवली. काटकुळ्या पिनांवर प्रोब धरताना हात जराही हलला नाही. ४.४! चार्जर नुसता मोजला तर पाचाच्या वर. "वायर खातीय. डीपीवरनं लाईट कमी आली की मोटर नुसती हूं करती, उचलत नाही. तसंच हाय हे." त्यांच्या मोबाइलची आखूड, जाड केबल लावली, दोन्ही दिवे लागले. ४.६३ च्या खाली गेलं की लाल दिवा विझतो, हे मी नंतर वाचलं.

अप्पा आता नाहीत. केबल काही टाकवत नाही.

भडंगवाली:
आईला फोनवर बोलून गेले, "अगं पाय चालत नाहीये सकाळपासून." तिचा पहिला प्रश्न, डावा का उजवा? मी समजावेपर्यंत तिनं मामाला हाडवैद्याकडे नंबर लावायला पिटाळलं होतं 😂

पोवईनाका:
@भडंगवाली मेलो 😂😂
माझा मूर्खपणा. सेन्सरला बाहेरून ५ व्होल्ट दिले होते, ती वायर चुकून १ नंबर पिनला खोचली. ती ३.३ ची. वास नाही, धूर नाही. चिपवर बोट ठेवलं तर चटका. तो आता टेबलावर कागद उडू नयेत म्हणून.

मिरजेचा_तंबोरा:
कृष्णाकाठ, अप्पांचं दुकान मार्केट यार्डाजवळ होतं का हो? आमची पाण्याची मोटर तिथंच भरून घ्यायचे वडील.

कृष्णाकाठ:
नाही हो, गावभागात. २०१९ च्या पुरात सगळं गेलं. मल्टिमीटर तेवढा घरी होता.

मिरजेचा_तंबोरा:
🙏 आमच्याकडं पण छातीएवढं पाणी होतं.

हळदीचा_सौदा:
माझ्याकडून स्क्रूड्रायव्हर पिनांवर पडला, लगेच बंद. केबल बदलली, चार्जर बदलला, काही नाही. शेवटी गणपतीला साकडं घातलं आणि नाद सोडला. दोन दिवसांनी सहज लावला तर चालू!

पोवईनाका:
देवाचं नाव झालं, काम पॉलीफ्यूजचं 😄 जास्त करंट गेला की तो तापून अडवतो, निवला की हळूहळू पूर्ववत होतो. कधी कधी दिवससुद्धा घेतो.

हळदीचा_सौदा:
असू दे. नारळ फोडलाय मी.

रात्रपाळी:
माझ्या भाच्याचा पाय ४ आहे, लॅपटॉपच्या भारी केबलवर लागतच नाही. बोर्ड गेला का? (कुकर लावलाय, शिट्टीला जाते)

पोवईनाका:
ताई, २०१९ च्या पहिल्या खेपेतला असेल. त्यात टाइप-सीच्या दोन सीसी पिनांना (पलीकडं काय लावलंय ते चार्जर यांवरून ओळखतो) मिळून एकच रेझिस्टर होता, त्यामुळे लॅपटॉपची असते तशी चिपवाली केबल लावली की चार्जर त्याला ऑडिओचं अडॅप्टर समजतो आणि वीजच देत नाही. साधी स्वस्तातली केबल लावून बघायला सांगा. चार्जर मात्र ३ अँपियरचाच हवा.

रात्रपाळी:
लागला!!! फोनच्या केबलवर. भाचा नाचतोय.

भडंगवाली:
पायावर उभा राहिला म्हणा 🤭

मिरजेचा_तंबोरा:
बास आता पाय 😂 कोण येतंय का उद्या साताऱ्याहून? येताना अर्धा किलो कंदी पेढे आणा.

कृष्णाकाठ:
आत्ता तो लावून बघितला, मुद्दाम त्या काळ्या केबलवर. लाल दिवा लुकलुकतोय, तसाच. मल्टिमीटर शोधतोय, सेल गेलाय बहुतेक त्याचा.