मुलाच्या बँडचा अल्बम आला, पण शब्दच ऐकू येत नाहीत. चूक कुणाची?

जुनाकॅशियर (रामबाग, इंदूर):
मुलाच्या बँडचा पहिला अल्बम मागच्या शुक्रवारी आला. नऊ गाणी, सगळी मराठी. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कार्टं इथे येऊन वाचेल. ड्रम दोन दिवस स्टुडिओ भाड्याने घेऊन वाजवले, बाकी सगळं आमच्या माळ्यावरच्या खोलीत. त्यासाठी घरातल्या चार गाद्या भिंतीला टेकवल्या होत्या. पाहुणे आले तेव्हा त्यांना चटईवर झोपवलं.

मी चार वेळा ऐकला. सकाळी पोहे खाताना, फोन स्टीलच्या डब्यात ठेवून, म्हणजे आवाज मोठा येतो. गिटार छान आहे, ड्रम तर फारच. पण गाणारा दुसऱ्या खोलीत बसून गातोय की काय! आमची पिढी गीतरामायणावर वाढली, 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं ते. त्यात एक अक्षर निसटत नाही. इथे पाचव्या गाण्यात तो चक्क ‘बाबांनी शेव मोडली’ असं म्हणतो. शेव ही काय मोडायची वस्तू आहे? इंदूरचा आहे म्हणून काहीही?

त्याला विचारलं तर वाईट वाटेल. रेकॉर्डिंग बिघडलंय, की हल्ली असंच करतात?

कोपऱ्यातलाबेस:
काका, शब्द मागवून घ्या की व्हॉट्सॲपवर. मात्र शेवेची ओळ मला आवडली.

फेडरवाली (पुणे):
काका, मी मिक्सिंगचंच काम करते, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवते. आधी तो डबा बाजूला ठेवा.

आवाज रुंद वाटावा म्हणून बरेचदा गायक तेच कडवं दोनदा गातो. एक डावीकडे ठेवतात, एक उजवीकडे. वर कधी रुंदी वाढवणारा इफेक्ट लावतात, त्यात एका बाजूची ध्वनिलाट दुसरीच्या उलट केलेली असते. हेडफोनवर ते झकास लागतं. पण दोन्ही बाजू एकाच लहान स्पीकरात मिसळल्या की लाटा एकमेकींना खातात. गिटार टिकते, गायकाचा आवाज पातळ होतो. म्हणून मिक्स झाल्यावर एकदा मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकायचं असतं. घरी केलेल्या अल्बममध्ये ही पायरी हमखास राहते. तेवढी चूक पोरांची, धरा.

दुसरं, श, स, च, ठ ही व्यंजनं क्षणभरच वाजतात आणि त्यांचा बराचसा जोर 2000 हर्ट्झच्या वर, म्हणजे उंच, तीक्ष्ण आवाजांच्या पट्ट्यात असतो. फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेली गिटार नेमकी तिथेच पसरते. आणि रागावू नका, वयाबरोबर कान वरच्या टोकाकडून उतरत जातो. स्वर कळतात, व्यंजनं गळतात.

तिसरं म्हणजे गायकाचा आवाज मागे ठेवणं ही एक शैलीही आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा ‘लव्हलेस’ हा अल्बम 1991 चा. त्यात गाणं गिटारींच्या धुक्यात बुडवलंय, आणि ते ठरवून. तिथून पुढे कित्येक इंडी (मोठ्या कंपन्यांशिवाय चालणाऱ्या) बँडनी तेच उचललं. तुमच्या मुलाचं ठरवून आहे की गाद्यांमुळे, ते हेडफोन लावल्यावर कळेल. तारेचे घ्या, साधे चालतील.

झूमरा१४ (इंदूर):
भिया, गीतरामायण कशाला, आपल्या गावचंच बघा ना. इंदूर घराण्याच्या अमीरखाँसाहेबांचा विलंबित झूमरा, म्हणजे झूमरा तालातला संथ ख्याल, लावा आणि बंदिशीचे किती शब्द कळले ते सांगा. मला तीन कळतात, त्यातला एक ‘पिया’. त्यांना कुणी म्हटलं नाही की शब्द ऐकू येत नाहीत म्हणून. मग पोराने काय घोडं मारलंय?

जुनाकॅशियर:
झूमरावाले, खाँसाहेबांचे शब्द मलाही कळत नाहीत, पण आवाज माझ्यासमोर बसलेला असतो. इथे तो पडद्यामागे आहे. हा फरक मी सोडणार नाही.

फेडरवालीताई, तुमचं ऐकलं. काल रात्री तो तालमीला गेल्यावर त्याचे मोठे हेडफोन घेतले आणि माळ्यावर बसून पूर्ण अल्बम ऐकला, दिवा न लावता, हिला कळू नये म्हणून. आवाज खरंच दोन्हीकडून येतो! दुसऱ्या गाण्यात मागे आमच्या जिन्याचं दार करकरतं, तेही सापडलं. सातवं अजूनही कळत नाही. ते ठरवून केलेलं असावं, असं धरून चाललोय. कानाचं म्हणाल तर दाखवून येतो.

पाचव्यात शेव नाही. ‘ठेव’ आहे. ‘बाबांनी ठेव मोडली, सांगितलं पॉलिसी पिकली.’

एकतीस वर्षं बँकेत काढली, लोकांच्या ठेवींबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नाही. स्टुडिओचं भाडं आणि ड्रमवाल्याचे पैसे मी कुठून दिले, ते याला कोणी सांगितलं, देव जाणे. पावती कपाटात होती, कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला.

आता प्रश्न वेगळाच आहे. हिलाही पॉलिसीच सांगितली होती, आणि रविवारी तिच्या बहिणी अल्बम ऐकायला येताहेत. डब्यात फोन ठेवूनच ऐकवावा म्हणतो.