बॅकअप सुरू झाला की सीरियलचे बाइट गळतात, नेटवर्क कार्डामुळे होत असेल का?

टेस्टबेंचवाला:
मंडळी, शॉपफ्लोअरवर दोन कोरचा जुना ॲटम पीसी आहे, लिनक्स टाकलेलं, मदरबोर्डवरच्या कॉम 1 या सीरियल पोर्टला डेटा लॉगर 115200 बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) जोडलाय, दिवसभर एकदम नीट पण संध्याकाळी नेटवर्कवरून बॅकअपच्या फाइल्स यायला लागल्या की मधलेच बाइट गायब. केबल बदलून झाली. कॅमेऱ्याला लॅग नको म्हणून नेटवर्क कार्डाचं आरएक्स-यूसेक्स (पॅकेट आल्यावर सीपीयूला कळवण्याआधी कार्ड किती मायक्रोसेकंद थांबतं ते) 0 ठेवलंय, त्याचा संबंध असेल का? खूप अडलंय.

कर्नलप्रेमी:
आधी प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) टीटीवाय ड्रायव्हरची सीरियल फाइल बघा. त्यातला ओई हा आकडा वाढतोय म्हणजे ओव्हररन (वाचायच्या आतच नवे बाइट येऊन हरवले), एफई (फ्रेमिंग एरर, बाइट चुकीचा वाचला गेला) वाढत असेल तर बॉडरेट किंवा वायरिंग. ओव्हररन असेल तर हिशोब असा, 115200 ला एक बाइट साधारण 87 मायक्रोसेकंदांत येतो, सीरियलच्या 16550ए चिपची फिफो (आलेले बाइट तात्पुरते ठेवायची रांग) फक्त 16 बाइटची आणि लिनक्स 8 बाइट भरले की इंटरप्ट (सीपीयूला हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारा इशारा) मागतं, म्हणजे सीपीयूकडे उरले जेमतेम 0.7 मिलिसेकंद, तेवढ्यात वाचलं नाही तर पुढचा बाइट गेलाच. आणि गिगाबिटवर मोठी पॅकेट्स पण सेकंदाला 81 हजारांपर्यंत येऊ शकतात, यूसेक्स 0 म्हणजे कार्ड त्यांना साठवून न ठेवता लगेच इंटरप्ट मारणार. इथटूल या नेटवर्क कार्डाच्या सेटिंग्जच्या कमांडला छोटा सी देऊन आधीचे आकडे लिहून घ्या, मग मोठ्या सी ने आरएक्स-यूसेक्स 50 करून बघा.

आयआरक्यू_काका:
फक्त यूसेक्सवर खापर नका फोडू, एनएपीआय (कर्नलची पॅकेट घ्यायची पद्धत) असल्यामुळे लोड वाढला की ड्रायव्हर इंटरप्ट बंद करून पोलिंगच करतो, म्हणजे पॅकेट आलीत का ते स्वतःहून बघतो. मला वाटतं दोन्ही इंटरप्ट एकाच कोरवर पडतायत. प्रॉक इंटरप्ट्स बघा, सीरियल 4 नंबरला दिसेल, त्याची एसएमपी ॲफिनिटी (इंटरप्ट कोणत्या कोरवर जायचा ते ठरवणारी सेटिंग) 2 करा म्हणजे दुसऱ्या कोरवर जाईल, पण आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोरांमध्ये वाटून देणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर तो परत हलवेल, त्याला ही लाइन सोडायला सांगा. शिवाय आरएक्स ट्रिग बाइट्स (किती बाइट भरले की इंटरप्ट द्यायचा) 8 चे 4 करा, मग 12 बाइटची जागा मिळते, एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त.

टेस्टबेंचवाला:
काका बरोबर निघालात, दोन्ही पहिल्याच कोरवर होते! सीरियल हलवलं, यूसेक्स 50 केलं, आज पूर्ण बॅकअपभर ओई जागचा हलला नाही. मनापासून आभार दोघांचे. फक्त 50 मुळे कॅमेरा मागे पडेल का?

कर्नलप्रेमी:
नाही हो, 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच 33 मिलिसेकंदांची, 50 मायक्रोसेकंद कुठे जाणवणार. रीबूटनंतर या सेटिंग्ज उडतात मात्र, सिस्टिमडीची (बूट होताना प्रोग्रॅम सुरू करणारी लिनक्सची व्यवस्था) सर्व्हिस करून ठेवा.