पत्रकारितेच्या वर्गासाठी उपक्रम सुचवा (बजेट दीड हजार)

सातारकरीण:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला पत्रकारिता शिकवते, मराठी माध्यम. पंचवीस-तीस मुलं, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची, मोबाइल सगळ्यांकडे. स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही. परीक्षेत सहा ककार (काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसं) धडाधडा लिहितात, पण काल गावात काय झालं ते चार ओळीत सांग म्हटलं की गप्प. ५० मिनिटांच्या तासात बसेल असं काही सुचवा. पूर्ण सेमिस्टरला १५०० रुपये मिळणारेत, वर एक पैसा नाही.

क्लिकक्लिक:
सरळ डीएसएलआर कॅमेरा, ट्रायपॉड आणि हिरवा पडदा घ्या. आमच्याकडे आहे, पोरं संध्याकाळी घरी जायला तयार नसतात. चाळीस-पन्नास हजारात काम होतं. मॅनेजमेंटला पटवा, ॲडमिशन वाढतात.

डेस्कवाला:
अहो ताईंनी दीड हजार लिहिलंय. असो. ताई, पोलिसांच्या प्रेसनोटपासून सुरुवात करा. मी उभा जन्म पेपरात बातम्या तपासायच्या डेस्कवर काढला, नवीन पोरं "सदर इसम मिळून आला" जसंच्या तसं पुढे ढकलतात. "यातील फिर्यादी हे त्यांचे ताब्यातील मोटारसायकलवरून जात असताना" अशी एक नोट तुम्हीच बनवा, गाडीचा नंबर वर एक आणि खाली दुसरा टाका, घटनेची वेळ गाळा, आणि स्वतः पीआय (पोलीस निरीक्षक) होऊन खुर्चीत बसा. विचारलं तेवढंच सांगायचं, आपणहून काही नाही. दहा मिनिटं प्रश्न, वीस मिनिटात १२० शब्दांची बातमी, मग नंबरातला घोळ कुणी कुणी पकडला ते सगळ्यांसमोर. खर्च शून्य.

गोदाकाठ:
प्रेसनोटला +१. फक्त गुन्ह्याचा विषय जपून निवडा. बलात्कारातल्या पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे, आधी आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. नाव गाळलं म्हणजे सुटलो असं नाही, बापाचं नाव, वस्ती, शाळा दिली की अख्ख्या गावाला कळतं. हे वर्गातच अंगवळणी पडायला हवं.

आवाजकुणाचा:
कॅमेऱ्यापेक्षा आवाज महत्त्वाचा, लिहून घ्या. आम्ही स्वस्तातला वायरलेस माइक घेतला, एसटी स्टँडवर मुलाखत केली, परत येऊन ऐकतोय तर नुसते हॉर्न आणि अनाउन्समेंट, बाई काय बोलल्या त्याचा पत्ता नाही. वायरवाला कॉलर माइक घ्या, तो बजेटात बसतो. रेकॉर्डिंगच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकायची सवय लावा. आणि म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, कम्युनिटी रेडिओ, तुमच्याच जिल्ह्यात. पोरांना घेऊन जाच.

जुनीपानं:
६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, तेव्हा 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र घ्या. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये काढलं तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी होता. मुलांना एकच बातमी दोन्ही भाषांत लिहायला लावा. शिवाय टिळक पहिल्या अंकापासून केसरीचे संपादक होते, तर त्यांचे अग्रलेख...

अवांतरराव:
पहिल्या अंकापासून नाही हो! १८८१ ला केसरी निघाला तेव्हा संपादक आगरकर, टिळकांकडे 'मराठा' हे इंग्रजी साप्ताहिक. टिळकांशी पटेना म्हणून आगरकर बाहेर पडले आणि १८८८ ला 'सुधारक' काढला.

जुनीपानं:
संस्थापकांत टिळक होतेच ना, मग झालं.

अवांतरराव:
संस्थापक वेगळा, संपादक वेगळा, पत्रकारितेच्या धाग्यावर तरी हा फरक पाळूया. ताई, याचाच तास करा. १८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या (मुलींचं संमतिवय दहावरून बारा केलं, आगरकर बाजूने, टिळक विरोधात), अर्ध्या वर्गाने आगरकरांच्या बाजूने अग्रलेख लिहायचा, अर्ध्याने टिळकांच्या, आणि पुढच्या तासाला बाजू बदलायच्या.

दहारुपये:
कुणीच माहितीचा अधिकार म्हणत नाही? अर्जाला १० रुपये, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, सेमिस्टरमध्ये सहज बसतं. आधी कलम ४ खाली ऑफिसने स्वतःहून काय जाहीर केलंय ते बघू द्या, म्हणजे प्रश्न नेमका विचारतात. नाहीतर "विकासकामांची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज जातो आणि हाती काही लागत नाही.

क्लिकक्लिक:
सेकंडहँड डीएसएलआर पण मिळतो.

सातारकरीण:
सगळ्यांचे आभार. प्रेसनोट एक तास नक्की घेणार, कलम ७२ सकट. पण पैसे माइकवर नाही घालणार, तीस जणांत एक माइक म्हणजे दोघं काम करणार आणि बाकीचे बघणार. आम्ही आठवडी बाजारात जातोय. प्रत्येकाने एक माल धरायचा, मेथी घ्या नाहीतर कांदा, शेतकऱ्याच्या हातात काय पडलं आणि गिऱ्हाइकाने काय मोजलं हे दोन्ही आकडे आणायचे, दोघांशी बोलून. त्याचं ए-थ्री आकाराचं एक पान काढायचं, झेरॉक्स मारून पुढच्या बाजारात त्याच माणसांना वाटायचं. १५०० त्यातच जातील. आपण लिहिलेलं ज्याच्याबद्दल आहे तो माणूस समोर उभा राहून वाचतोय, हे मुलांनी अनुभवायला हवं, मला तेवढंच शिकवायचंय.

डेस्कवाला:
भाव चुकला तर बाजारात पोरांना घेरतील. आधी वर्गात चार-सहा प्रेसनोटा होऊ द्या, मग बाहेर काढा.

सातारकरीण:
नाही काका, बाजार आधी. प्रत्येक भाव दोन ठिकाणी विचारायचा हे सांगितलंय, आणि पुढच्या वेळच्या पानावर दुरुस्तीचा चौकोन आत्ताच आखून ठेवलाय.

क्लिकक्लिक:
झेरॉक्सला फोटो काळाकुट्ट येतो. फोटोऐवजी भावाचा तक्ता मोठ्या टायपात टाका.