एव्हार्ट्‌स ग्रॅहम : एम्पायमा लगेच उघडू नका, असं का म्हणाले?

कृष्णाकाठ, मिरज
नर्सिंगच्या मुलींसमोर अमेरिकन सर्जन ग्रॅहम यांच्यावर बोलायचं आहे. १९३३चं फुफ्फुसाचं ऑपरेशन सगळीकडे सापडतं. पण १९१८ साली एम्पायमात (फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत पू होतो तेव्हा) घाईने छाती उघडायला त्यांनी विरोध का केला? पू दिसला की वाट करून द्या, हेच तर आपण शिकवतो.

वानलेसवाडी
वाट द्यायचीच, प्रश्न कधी आणि कशी हा. लष्करी छावण्यांतल्या स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनियात पू आधी पाण्यासारखा पातळ असतो, फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं नसतं. तेव्हा बरगडी कापून भोक ठेवलं की हवा आत शिरते. मिडियास्टिनम, म्हणजे दोन फुफ्फुसांमधला हृदयाचा भाग, ही भिंत नव्हे, हलता पडदा. तो सरकतो आणि दुसरं फुफ्फुसही दबतं. म्हणून आधी सुईने पू ओढा. तो घट्ट झाला, फुफ्फुस चिकटलं की मग उघडा. सोबत भरपूर खाणं. मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आत आले.

आयसीयूताई
इथेच मुलींना आयसीडीची (छातीत घातलेल्या निचऱ्याच्या नळीची) बाटली दाखवा, तत्त्व तेच : पू बाहेर, हवा आत नाही. नळीचं टोक पाण्याखाली २ सेंमी. जास्त बुडवलं तर हवा बाहेर पडायला जोर लागतो, कमी असेल तर बाटली कलली की टोक उघडं. शिफ्ट करताना बाटली पेशंटच्या पोटावर ठेवतात, ते बंद करा. पाणी उलटं छातीत जातं. बुडबुडे येत असतील तर क्लॅम्प लावायचा नाही, टेन्शन न्यूमोथोरॅक्स होईल, म्हणजे छातीत हवा कोंडून फुफ्फुस आणि हृदय दबेल. पाण्याची वर-खाली थांबली तर आधी पेशंटखाली नळी मुडपली आहे का बघा. गुठळी किंवा फुगलेलं फुफ्फुस, हा विचार नंतर.

कृष्णाकाठ, मिरज
झकास. आणि १९३३मध्ये बरगड्या कशाला काढल्या?

वानलेसवाडी
पोकळी राहिली की त्यात पू होणार, हा १९१८चाच धडा. ५ एप्रिलला सेंट लुइसमध्ये कॅन्सरसाठी फुफ्फुसाचा एकच खंड काढायचं ठरलं होतं. गाठ पुढे गेलेली दिसली म्हणून अख्खं डावं फुफ्फुस काढलं. छातीची भिंत आत बसावी म्हणून तिसरी ते नववी अशा सात बरगड्याही. फुफ्फुसाच्या मुळाशी सगळं एकत्रच बांधलं. आज रक्तवाहिन्या आणि ब्रॉन्कस (फुफ्फुसात हवा नेणारी नळी) वेगवेगळे बंद करतात. पेशंट १९६३पर्यंत जगला. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढायचे. १९५०मध्ये विद्यार्थी विंडरसोबत धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध त्यांनीच मांडला, आणि १९५७मध्ये त्याच कॅन्सरने गेले.

आयसीयूताई
स्लाइडवर नुसतं ‘पहिलं फुफ्फुस काढलं’ लिहू नका हं. बर्लिनला सर्जन निसेन यांनी १९३१मध्येच ब्रॉन्किएक्टेसिससाठी (श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा आजार) अख्खं फुफ्फुस काढलं होतं. ग्रॅहमचं पहिलेपण कॅन्सरसाठी, एकाच टप्प्यात, आणि पेशंट वाचला यात आहे.